घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा : मुंबईत अर्ज कोणत्या न्यायालयात करावा

वांद्रे स्थानकाच्या पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला नुसते "कोर्ट" म्हटले, तर तो तुम्हाला दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात सोडण्याची शक्यता बरीच असते. कुटुंब न्यायालय तिथे नाही, ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. चेंबूरहून आलेल्या एका बाईंनी याच गोंधळात अर्धा दिवस घालवला होता. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लग्नपत्रिका, मुलाचा जन्मदाखला आणि नवऱ्याच्या पगाराची एक जुनी पावती. पोटगीचा अर्ज इथे घेतला जात नाही, हे त्यांना दुपारी अडीच वाजता कळले आणि त्या दिवशीचा कामाचा खाडा वाया गेला. त्यांची चूक काहीच नव्हती, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वकिली करताना असे प्रसंग वरचेवर पाहावे लागतात, म्हणून पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली पायरी : मागण्या वेगवेगळ्या करा

"माझी केस कोणत्या कोर्टात चालेल?" या प्रश्नाला एकच उत्तर बहुधा नसते, कारण घरातला वाद एक असला तरी त्यातून निघणाऱ्या मागण्या अनेक असतात आणि कायदा प्रत्येक मागणीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. म्हणून एका कोऱ्या कागदावर, वकिलाकडे जाण्याआधीच, तुम्हाला नेमके काय हवे आहे ते एकाखाली एक लिहून काढा. मारहाण थांबायला हवी आहे का? राहत्या घरातून बाहेर काढले जाण्याची भीती आहे का? दरमहा खर्चाला पैसे हवे आहेत का? मूल तुमच्याकडे राहावे, की निदान दर आठवड्याला भेटावे, असे म्हणणे आहे? दागिने परत हवे आहेत का? आणि लग्न मोडायचेच आहे, की अजून नांदण्याची इच्छा आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकांपाशी तयार नसते आणि ते तयार असण्याची सक्तीही नाही. घटस्फोट न मागता पोटगी मागता येते, घटस्फोट न मागता संरक्षण आणि निवाराही मागता येतो. घटस्फोटाचा अर्ज केल्याशिवाय काहीच मिळत नाही, या समजुतीपायी अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे माहेरी हात बांधून बसून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि या समजुतीइतके नुकसान दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने केलेले नाही.

आणखी एक समजूत इथेच दूर करायला हवी. स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून केलेल्या सोडचिठ्ठीने हिंदू विवाह अधिनियमाखालचे किंवा विशेष विवाह अधिनियमाखालचे लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी असेल तर हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २९ तिला जागा ठेवते, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, नुसते सांगून भागत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेल्या माणसावर पुढे द्विभार्या विवाहाचा गुन्हा येऊ शकतो.

दुसरी पायरी : लग्न कोणत्या कायद्याखाली झाले ते पाहा

विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढा आणि त्याच्या मथळ्यावर कोणत्या अधिनियमाचे नाव छापले आहे ते वाचा. महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात झालेली नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली असते. ती फक्त नोंद असते, त्यामुळे लग्नाला लागू होणारा मूळ कायदा बदलत नाही. विधीपूर्वक झालेले हिंदू लग्न नोंदणीनंतरही हिंदू विवाह अधिनियम, १९५५ यानेच चालते. हा अधिनियम बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. मात्र ज्याला आपण "कोर्ट मॅरेज" म्हणतो, म्हणजे विवाह अधिकाऱ्यापुढे सूचना देऊन आणि तीन साक्षीदारांच्या सह्यांनी झालेले लग्न, ते विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालचे असते, मग वधूवर दोघेही हिंदू का असेनात. आंतरधर्मीय लग्ने बहुतेक याच कायद्याखाली येतात.

ख्रिस्ती विवाहाला १८६९ चा घटस्फोट अधिनियम लागू होतो. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियमाखाली न्यायालयाकडे जाता येते. हे अर्ज मुंबईत कुटुंब न्यायालयातच चालतात. पारशी विवाहाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट अधिनियमाने त्यांच्यासाठी मुंबईत स्वतंत्र मुख्य वैवाहिक न्यायालय नेमलेले आहे, ते उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपुढे चालते आणि निर्णयात समाजातून नेमलेले पाच प्रतिनिधी सहभागी असतात. लग्न पारशी पद्धतीने झाले असेल, तर घटस्फोटासाठी वांद्र्याला जाऊन उपयोग नाही, फोर्टला जावे लागते.

तिसरी पायरी : कुटुंब न्यायालयात काय येते

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ मध्ये याचे उत्तर आहे. घटस्फोट, न्यायिक विभक्तता (म्हणजे लग्न न मोडता वेगळे राहण्याचा आदेश), विवाह रद्दबातल ठरवणे, नांदायला येण्याविषयीचा अर्ज, एखादी व्यक्ती विवाहित आहे की नाही याची घोषणा, मुलाच्या औरसपणाचा प्रश्न, पोटगी, मुलांचे पालकत्व, ताबा आणि भेट हे सारे तिथे येते. शिवाय एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पतिपत्नींच्या आपसांतल्या मालमत्तेचा वादही तिथेच चालतो, आणि घटस्फोट होऊन गेल्यानंतर उपस्थित झालेला असा वादही तिथेच नेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. दोघांनी मिळून घेतलेली डोंबिवलीची सदनिका असो, की बायकोच्या आईवडिलांनी घातलेले स्त्रीधन असो, त्यासाठी वेगळ्या दिवाणी न्यायालयाकडे धाव घेण्याचे कारण नाही.

पोटगीविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण चेंबूरच्या बाईंचा गोंधळ नेमका इथेच झाला होता. पूर्वी जिला सगळे "एकशेपंचवीसची पोटगी" म्हणत, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे. जुने नाव मात्र न्यायालयाच्या आवारात अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. कायद्याच्या पुस्तकात हे अधिकार दंडाधिकाऱ्यांचे म्हणून लिहिलेले असले, तरी जिथे कुटुंब न्यायालय स्थापन झाले आहे तिथे ते कुटुंब न्यायालय वापरते. म्हणजे मुंबईत पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्या या पोटगीसाठी अर्ज वांद्रे-कुर्ला संकुलातच होतो. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग मोकळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितले आहे. याखेरीज हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली मुख्य अर्ज चालू असताना अंतरिम खर्च मागता येतो, आणि तो पतीलाही मागता येतो.

कुटुंब न्यायालयात काय येत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. भावाबहिणींमधली वाटणी, वडिलांच्या इच्छापत्रावरचा आक्षेप, दीर-भावजयीमधला जागेचा तंटा यांना घरगुती वाद म्हणत असलो, तरी त्यांच्यात पक्षकार पतिपत्नी नसतात. वाटणीचा दावा मुंबईत दहा कोटी रुपयांपर्यंत असेल तर नगर दिवाणी न्यायालयात आणि त्यापुढे असेल तर उच्च न्यायालयात जातो. मुले सांभाळत नाहीत म्हणून तक्रार करू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांसाठी २००७ च्या अधिनियमाखाली उपविभागीय अधिकाऱ्यांपुढचे न्यायाधिकरण आहे. तिथे निर्वाह भत्ता महिना दहा हजार रुपयांच्या वर मिळत नाही, आणि हा मार्ग व कलम १४४ ची पोटगी यांपैकी एकच निवडावा लागतो. ज्यांच्या मुलांची कमाई चांगली आहे अशा ज्येष्ठांनी ही मर्यादा ध्यानात घेऊनच निवड करावी.

चौथी पायरी : मुंबई कुठे संपते

आता भूगोलाकडे वळू. बहुतेक अर्ज चुकतात ते इथे, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये.

मुंबईचे कुटुंब न्यायालय मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरते आहे. रेल्वेने आणि बोलण्यात आपण ज्याला मुंबई म्हणतो ती त्याहून पुष्कळ मोठी आहे. दहिसरचा चेकनाका ओलांडून मीरा रोडला गेलात, मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलात, मानखुर्दहून खाडीपूल ओलांडून वाशीला गेलात, की तुम्ही ठाणे जिल्ह्यात असता. वसई-विरार २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे आणि पनवेल रायगडमध्ये. आधारकार्डावर "नवी मुंबई" लिहिलेले असले म्हणून वांद्र्याचे न्यायालय तुमचा अर्ज ऐकू शकेल, असे होत नाही.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे अर्ज पुढीलपैकी कोणत्याही एका ठिकाणच्या न्यायालयात करता येतो : जिथे लग्न लागले, जिथे अर्जाच्या वेळी सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, राहतो, जिथे दोघे शेवटचे एकत्र राहिले, आणि अर्ज पत्नीचा असेल तर, अर्जाच्या दिवशी ती स्वतः जिथे राहते. पत्नीला मिळालेला हा शेवटचा पर्याय २००३ च्या दुरुस्तीने आला आणि माहेरी परतलेल्या असंख्य स्त्रियांना त्याने मोठा आधार दिला. पतीला स्वतःच्या राहण्याच्या ठिकाणी अर्ज करण्याची मुभा फक्त तेव्हाच आहे, जेव्हा पत्नी देशाबाहेर राहत असेल किंवा सात वर्षे तिचा ठावठिकाणा लागलेला नसेल. विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ३१ ची मांडणीही जवळजवळ अशीच आहे.

एक उदाहरण घेऊ. लग्न साताऱ्यात लागले, संसार पुण्यात झाला, पती अजून पुण्यातच आहे आणि पत्नी मुलुंड पूर्वेला माहेरी आली आहे. तिच्यापुढे सातारा, पुणे आणि मुंबई असे तीन पर्याय आहेत. पतीपुढेही हेच तीन आहेत, कारण त्याच्या दृष्टीने मुंबई हे सामनेवालीचे राहण्याचे ठिकाण आहे. आता हेच माहेर चेकनाक्यापलीकडे, ठाणे पश्चिमेला आहे असे समजा. दोन्ही घरांमधले अंतर रिक्षाने दहा मिनिटांचे असेल, पण मुंबईचा पर्याय दोघांसाठीही पूर्णपणे बाद होतो आणि त्याची जागा ठाण्याचे कुटुंब न्यायालय घेते. तिसरी शक्यता अशी, की पत्नी साताऱ्याला माहेरी राहिली आणि पतीने नोकरीसाठी मुंबई गाठली. अशा वेळी पती मुंबईत अर्ज करू शकत नाही, पत्नी मात्र करू शकते, कारण तिच्या अर्जात सामनेवाला मुंबईत राहतो.

ख्रिस्ती कुटुंबांनी इथे विशेष सावध राहावे. त्यांच्या १८६९ च्या अधिनियमात विवाहाचे ठिकाण आणि दोघे एकत्र राहतात किंवा शेवटचे राहिले ते ठिकाण एवढेच आधार आहेत. पत्नी आज जिथे राहते त्या ठिकाणाचा आधार त्यात नाही. वसईच्या चर्चमध्ये लग्न लागले, संसार पुण्यात झाला आणि पत्नी आता मालाडला आईवडिलांकडे आहे, तर तिचा घटस्फोटाचा अर्ज मुंबईत चालणार नाही. पोटगीसाठी मात्र तिला मुंबईतच अर्ज करता येईल, कारण पोटगीचा कायदा धर्म पाहत नाही आणि पत्नी राहते त्या जिल्ह्यात अर्ज करू देतो. नव्या संहितेच्या कलम १४५ ने आईवडिलांनाही ही सोय दिली आहे. मुलाने बंगळुरूला बस्तान बसवले असले, तरी गिरगावात राहणारी आई मुंबईत अर्ज करू शकते.

"राहते" या शब्दाचा पुरावा लागतो. भाडेकरार, आईवडिलांच्या नावाचे वीजबिल आणि सोबत त्यांचे प्रतिज्ञापत्र, गृहनिर्माण संस्थेचे पत्र, बँकेच्या पासबुकावरचा पत्ता, मुलाच्या शाळेचा दाखला यांपैकी दोन-तीन कागद आधीच गोळा करून ठेवावेत. केवळ अर्जापुरता एखाद्या नातेवाइकाचा मुंबईचा पत्ता टाकू नये. उलटतपासणीत ते उघडे पडते, आणि एकदा पत्ता खोटा ठरला की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही न्यायाधीशांचा विश्वास उरत नाही.

मुलांच्या ताब्याविषयी

ताब्याच्या स्वतंत्र अर्जाला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे कलम ९ लागू होते आणि तिथे आईची किंवा वडिलांची सोय पाहिली जात नाही, मूल सामान्यपणे कुठे राहते एवढेच पाहिले जाते. शाळा, दवाखाना, मित्र, दिनक्रम हे जिथे आहेत ते त्याचे ठिकाण. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला आजोळी परळला आणून जूनमध्ये परत पाठवलेच नाही, म्हणून लगेच मुंबई हे त्याचे सामान्य राहण्याचे ठिकाण होत नाही. परंतु आई मुलाला घेऊन वर्षभर इथेच स्थिरावली असेल, शाळेत नाव घातले असेल, तर चित्र बदलते. न्यायालय प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवरून आणि त्यामागच्या इराद्यावरून ठरवते.

घटस्फोटाचा अर्ज आधीच मुंबईत चालू असेल, तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडे मुलांच्या ताब्याचा आणि भेटीचा आदेश मागता येतो. शक्य असेल तिथे हाच मार्ग घ्यावा असे मी आग्रहाने सांगते. मुलाला दोन न्यायालयांत, दोन समुपदेशकांपुढे, तेच तेच प्रश्न ऐकायला लावण्याइतके दुःखद दृश्य कुटुंब न्यायालयाच्या इमारतीत दुसरे नाही.

मारहाण, धमकी किंवा घराबाहेर काढणे असेल तर

जीवाला धोका असेल तर न्यायालय निवडत बसू नये. ११२ वर फोन करावा किंवा महिला मदतवाहिनी १८१ शी बोलावे, दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करून घ्यावी आणि सुरक्षित जागी पोचावे. त्यानंतरचा मार्ग कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा आहे आणि त्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे होतो. मुंबईत ही न्यायालये पोलीस ठाण्यांच्या हद्दींप्रमाणे वाटलेली आहेत : किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव, दादरसाठी भोईवाडा, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विक्रोळी, मुलुंड. तुमच्या पोलीस ठाण्याची प्रकरणे कुठे जातात ते ठाण्यातच विचारले तर लगेच कळते.

या कायद्याचे अधिकारक्षेत्र सर्वांत उदार आहे. पीडित स्त्री कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते, जिथे नोकरी करते, जिथे सामनेवाला राहतो किंवा जिथे हिंसा घडली, यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज चालतो. मैत्रिणीकडे किंवा आधारगृहात घेतलेला आसराही "तात्पुरते राहणे" मानला जातो. दंडाधिकारी संरक्षणाचा, घरात राहू देण्याचा, पैशांचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतात, आणि निकड असेल तर सामनेवाल्याला ऐकण्याआधीच अंतरिम आदेशही देऊ शकतात. संरक्षण आदेश मोडणे हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घर सासूच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून सुनेचा त्यात राहण्याचा हक्क आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवले. संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल अर्जासोबत असला तर चांगले, पण तो नसला म्हणून अर्ज अडत नाही. घटस्फोट मात्र दंडाधिकारी देऊ शकत नाहीत.

क्रूरतेची फौजदारी तक्रार, जिला आजवर सगळे "चारशे अठ्ठ्याण्णव अ" म्हणत आले, ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे आणि ती पोलीस ठाण्यात नोंदवली जाते. सासरच्या छळामुळे माहेरी आसरा घेतलेली स्त्री माहेरच्या ठिकाणीही ही तक्रार देऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९ चा निर्णय आहे. "गुन्हा सोलापुरात घडला, तिकडेच जा" असे सांगून परत पाठवले जात असेल, तर या निर्णयाचा शांतपणे उल्लेख करावा आणि तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी.

एकाच छताखाली की दोन ठिकाणी?

२००५ च्या अधिनियमाचे कलम २६ असे सांगते, की त्या कायद्याखालची मदत कुटुंब न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणातही मागता येते. तेव्हा निवड तुमची असते. माझे मत सांगते. घरात राहण्याचा हक्क किंवा अंगावर येणारी हिंसा हा तातडीचा प्रश्न असेल, तर जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडेच जावे. पैसा, मुले आणि घटस्फोट एवढेच प्रश्न असतील, तर सगळे कुटुंब न्यायालयात एकत्र ठेवावे. बोरिवलीला एक तारीख आणि वांद्र्याला दुसरी, या फेऱ्यांत रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईचे महिन्याचे चार-पाच दिवस जातात, आणि मिळालेल्या पोटगीतून तेवढा खाडा भरून निघत नाही. प्रकरणे आधीच दोन ठिकाणी गेली असतील, तर ती एकत्र चालवण्यासाठी उच्च न्यायालयाकडे विनंती करता येते.

दोन ठिकाणी पोटगी मागितली म्हणून ती दुप्पट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिलेल्या दंडकाप्रमाणे आधीच्या प्रकरणाची माहिती नंतरच्या न्यायालयाला देणे बंधनकारक आहे, आधी मिळालेली रक्कम वजा धरली जाते, आणि दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करायचे असते. त्याच निर्णयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे ठरवले आहे, म्हणून योग्य न्यायालयात लवकर अर्ज करणे याला पैशांच्या भाषेतही अर्थ आहे.

दाखल करण्यापूर्वी

ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या ॲपवर आपले आणि जोडीदाराचे नाव घालून, आपल्याविरुद्ध कुठे अर्ज आधीच दाखल झालेला नाही ना, ते पाहून घ्यावे. घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा एक अर्ज आधी दाखल असेल, तर दुसऱ्याने नंतर दुसऱ्या न्यायालयात केलेला तसा अर्ज हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २१-अ प्रमाणे आधीच्या न्यायालयाकडे वर्ग होतो. हिंदू विवाह किंवा विशेष विवाह अधिनियमाखालच्या लग्नाला एक वर्ष झालेले नसेल तर घटस्फोटाचा अर्ज, असाधारण त्रासाचे कारण दाखवून परवानगी घेतल्याशिवाय, कोणत्याच न्यायालयात चालत नाही.

खर्चाची धास्ती असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे. आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर विचारता येते. कुटुंब न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने वकील उभा राहतो. स्वतःची बाजू स्वतः मांडणारे लोक तिथे नेहमी दिसतात. पहिल्या काही तारखांना विवाह समुपदेशकांकडे पाठवले जाते. तिथे जाण्याने तुमचा अर्ज कमकुवत होत नाही आणि समेटाला "हो" म्हणण्याची सक्तीही नसते.

चुकीच्या न्यायालयात गेलात, किंवा समन्स दुसऱ्या गावाहून आले

अर्ज चुकीच्या ठिकाणी दाखल झाला म्हणून हक्क बुडत नाही. न्यायालय तो योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत करते. वेळ मात्र जातो, आणि अंतरिम पोटगीची वाट पाहणाऱ्या घरात तो वेळ किराणा आणि शाळेच्या फीच्या रूपाने मोजला जातो. उलट बाजूने पाहिले, तर सामनेवाल्याला अधिकारक्षेत्राविषयी हरकत घ्यायची असेल, तर ती पहिल्याच संधीला, लेखी म्हणण्यातच घ्यावी. साक्षीपुरावे होऊन गेल्यावर घेतलेली हरकत सहसा ऐकली जात नाही.

तुम्ही मुंबईत आहात आणि समन्स नांदेडहून किंवा इंदूरहून आले, तर ते घेण्याचे टाळू नका. टाळल्याने प्रकरण थांबत नाही, ते एकतर्फी चालते आणि एके दिवशी हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या निकालाची, प्रतच हाती येते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठीचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो, आणि समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हे दिवस तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजले जातात. प्रकरण महाराष्ट्रातल्या दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर ते मुंबईत वर्ग करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाकडे, आणि दुसऱ्या राज्यात असेल तर सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. लहान मूल, प्रवासाला सोबत कोणी नसणे, उत्पन्न नसणे, तिकडे गेल्यास धोका असणे ही कारणे कागदपत्रांसह मांडावीत. आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत, पुढच्या तारखेला नांदेडच्या किंवा इंदूरच्या न्यायालयात वकिलामार्फत किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची व्यवस्था आजच करून ठेवावी.